मॉक पोलची मते पुसली का? बूथ एजंटाने पहाटे काय बघायचे

गोव्यात २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. मॉक पोलमध्ये, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणी मतदानात, किमान ५० मते टाकतात. एका बूथवर ती पुसायची राहिली तर गोव्यासारख्या छोट्या मतदारसंघांत काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. यंत्र हॅक होते का, यावर बाजारात तास-तास वाद रंगतात. बूथवर मात्र घोळ होतो तो असल्या विसरण्यातून.

मतदान सातला असेल तर मॉक पोल साडेपाचला. उमेदवारांच्या एजंटांची पंधरा मिनिटे वाट बघतात, नंतर थांबत नाहीत. वही-पेन घेऊन आधीच पोचा. कंट्रोल युनिट (मते साठवणारे), बॅलट युनिट (बटणांचे) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारे), तिन्हींचे क्रमांक उमेदवाराला मिळालेल्या यादीशी ताडून पाहा. कंट्रोल युनिटच्या पडद्यावरची वेळ घड्याळाशी जुळत नसेल तर फरक लिहून घ्यायला लावा.

नोटासकट प्रत्येक बटणावर मत पडले पाहिजे. कुणाला किती टाकली ते वहीत रेघा मारून मांडा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते, तेवढ्यात चिन्ह वाचा. नंतर यंत्राचा निकाल आणि चिठ्ठ्यांची मोजणी दोन्ही वहीशी जुळवा.

आता खरे काम. केंद्राध्यक्षांनी 'क्लिअर' दाबले की 'टोटल' दाबून शून्य दाखवायला सांगा. व्हीव्हीपॅटचा चिठ्ठ्यांचा कप्पा रिकामा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात जातात. हे झाल्याशिवाय हिरव्या कागदी सीलवर सही करू नका, आणि करताना सीलचा क्रमांक उतरवून घ्या.

व्हीव्हीपॅट दिव्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवला तर त्याचा सेन्सर गोंधळतो. शाळेच्या वर्गात टेबल कुठे मांडले आहे ते म्हणून बघायचे. मागची खुंटी वाहतुकीत आडवी असते. ती उभी न करता यंत्र चालू केले तरी एरर येते. मतदान सुरू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडला तर तेवढाच बदलतात. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडले तर मात्र अख्खा संच बदलतो, आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल होतो. त्या गडबडीत नवे क्रमांक लिहायचे हमखास राहून जाते.

संध्याकाळी 'क्लोज' दाबल्यावर एकूण आकडा आणि वेळ टिपा. नमुना १७-सीची, म्हणजे बूथवरच्या मतांच्या हिशेबाची, सहीची प्रत घेतल्याशिवाय बूथ सोडू नका. मोजणीच्या टेबलावर तुमच्या माणसाच्या हातात तीच असणार. आकडा जुळला नाही, किंवा मॉक पोल पुसलाच नव्हता असे निघाले, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचे अंतर अशा बूथांवरच्या एकूण मतांहून जास्त नसेल, तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात.