नवतप्यात सावली गायब होते ती पोट्ट्यांना अशी दाखवा

सुट्टीत पोट्ट्यांकडून जीकेचे प्रश्न पाठ करून घेण्यापेक्षा ही एक गोष्ट नक्की करा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, 26 मे ला आपल्या नागपुरात दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते, याला शून्य सावली दिवस म्हणतात, दुर्बीण-बिर्बीण काही लागत नाही.

आधी त्यांना विचारा सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो, बहुतेक पोट्टे म्हणतील रोज बारा वाजता. तसं नाहीये. नागपूर 21.15 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदाच आपल्या डोक्यावरून जातो, मे च्या शेवटी वर जाताना आणि जुलैच्या मध्यात परत येताना, पण जुलैत ढग असतात म्हणून मे चाच धरा. दिल्लीला हे कधीच दिसत नाही कारण सूर्य 23.5 अंशाच्या, म्हणजे कर्कवृत्ताच्या, पुढे जातच नाही. आणि बाराच्या वर दहा मिनिटं का, तर आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या 82.5 रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो.

आता सामान. प्लंबिंगच्या पाईपचा साधारण 20 सेमीचा, दोन्हीकडून सरळ कापलेला तुकडा, पांढरा कागद, एक कंचा (काचेची गोटी) आणि कॅरम बोर्ड. स्टीलचा पेला घेऊ नका, तो तोंडाशी रुंद असतो, पालथा ठेवला तर सूर्य थोडा कललेला असला तरी सावली दिसत नाही आणि पोट्ट्यांना वाटतं झालं. मी पहिल्या वर्षी पाईप सरळ गच्चीवरच ठेवला होता आणि एका बाजूला सावलीची बारीक कड राहूनच गेली, नंतर लक्षात आलं की पाणी वाहून जायला गच्चीला उतार दिलेला असतो. म्हणून कॅरम बोर्ड ठेवा, त्याच्या कोपऱ्याखाली पेपरच्या घड्या सारा आणि मधोमध ठेवलेला कंचा कुठेच गडगडेनासा झाला की त्यावर कागद आणि पाईप.

बारा वाजता पहिली खूण करा, मग दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक पेन्सिलने आखायचं. सावली आखडत आखडत पाईपच्या बुडाशी येते आणि वरून वाकून बघितलं तर पाईपच्या आत कागदावर उन्हाची पूर्ण गोल चकती पडलेली असते, ती चकती दिसली की पोट्टे ओरडतातच. चार-पाच मिनिटांत सावली दुसऱ्या बाजूने डोकं काढते. 26 ला ढग आले तर 25 किंवा 27 ला करा, एका दिवसाने सावलीत एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही, पण वेळ दहा मिनिटं चुकली तर याच पाईपची सावली जवळपास 8 मिलिमीटर होते, म्हणून वेळ सांभाळा.

नवतपा आहे, ऊन साधं नसतं. डोक्याला दुपट्टा बांधा, पन्हं पाजून वर न्या, खूण करायची तेवढंच उन्हात जायचं, बाकी जिन्याच्या सावलीत. आणि सूर्याकडे कोणीच बघायचं नाही, गॉगल लावूनही नाही.

हैदराबादला कोणी नातेवाईक असेल तर मजा अजून वाढते. आमच्याकडे आत्या आहे, तिच्या पोराला फोन करून सांगतो की एक मीटरची काठी ओळंब्यात उभी कर आणि त्याच दिवशी 12 वाजून 13 मिनिटांच्या आसपास सावली सगळ्यात छोटी होईल तेव्हा मोज. तिथे ती साधारण 6.6 सेमी येते, आणि पडते दक्षिणेकडे, कारण सूर्य त्यांच्या उत्तरेला म्हणजे आपल्या डोक्यावर असतो! नागपूर ते हैदराबाद सरळ रेषेत साधारण 420 किमी. 420 ला काठीच्या 100 सेमीने गुणा, सावलीच्या 6.6 ने भागा, 6364 येतं, ही पृथ्वीची त्रिज्या किलोमीटरमध्ये, पुस्तकातली सरासरी 6371 आहे. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सावलीवरूनच पृथ्वीचा घेर काढला होता. फक्त तिकडे मोजणाऱ्याला बजावून सांगा, एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की उत्तर जवळपास 100 किमीने हलतं, तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्या.