अनुदान घेता आणि धर्मही शिकवता? या चुका टाळा

खान्देशातल्या अनुदानित शाळांची दप्तरं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. संस्था देवस्थानाची असो, मिशनची असो की उर्दू माध्यमाची, चुका त्याच त्या.

सर्वांत वाईट चूक म्हणजे पालकांना न विचारणं. राज्यघटनेचं कलम २८ वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित खासगी शाळेत देता येतं, पण सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी. तापीकाठच्या एका शाळेत शेवटच्या तासाला प्रार्थनांचं पाठांतर चालायचं. एका मजुराने वर्गशिक्षकांना विचारलं, "गुरुजी, मनी पोरले हाई करनंच पडी का?" उत्तर मिळालं, "नियम आहे." असा नियमच नव्हता. पोरगी तो तास बुडवू लागली, प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेलं. तपासणीत संमतीपत्रं मागितली तर एकही नाही. मग रातोरात सगळी लिहून काढली, एकाच पेनाने, एकाच वळणात. तो गठ्ठा फाइलला लावायला मी नकार दिला. तोवर बापाने पोरीचा दाखला काढला होता. ती पुढे कुठे शिकली, शिकली की नाही, मला कळलं नाही.

तेव्हापासून मी जूनमध्येच वेगळा कागद देतो. त्यावर 'नको' लिहायलाही जागा असते. अंगठा उठवणाऱ्याला आधी वाचून दाखवतो. नको म्हणणारी मुलं त्या तासाला वाचनालयात बसतात. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात संमती छापून घेणं ही फसवणूक आहे.

कबीर, नानक शिकवले की धर्मशिक्षण झालं, असं समजू नका. धर्मांविषयीचा अभ्यास वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितलंय.

अल्पसंख्याक शाळेच्या अनुदानाला 'लाड' म्हणू नका. ती अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करायला कलम ३०(२) मनाई करतं. अशा संस्थांनीही कलम २९(२) वाचावं: अनुदान घेतल्यावर केवळ धर्म, जात किंवा भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही.

आणि दानपेटीचा पैसा शाळेच्या किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, घेऊ नका. नवे संस्थाचालक म्हणतात, "घरचंच आहे, वर्षअखेरीस जुळवू." जुळत नाही. वेतनेतर अनुदानातून, म्हणजे पगार सोडून शाळेच्या इतर खर्चासाठी मिळणाऱ्या पैशातून, देवळाचा सभामंडप रंगवलेला मी पाहिलाय. लेखापरीक्षणात वसुली निघाली आणि त्या वर्षी प्रयोगशाळेचं सामान आलंच नाही. दोन बँक खाती, दोन किर्दी, दोन पावतीपुस्तकं ठेवा, आणि ती रोज संध्याकाळी लिहा.