खवळलेल्या पाण्यात बास बोट: या चुका टाळा

बास बोट म्हणजे बास मासे पकडायची वेगवान बोट: २१ फूट लांबी, ८ फूट रुंदी, पाण्यापासून जेमतेम गुडघ्याएवढा उंच काठ आणि मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या बास टूर्नामेंटमध्ये याहून मोठं इंजिन चालत नाही, तरी सपाट पाण्यावर या बोटी ताशी ७० मैल सहज ओलांडतात. वारा सुटला की मात्र त्याच बोटीत बसून दात वाजायला लागतात आणि "एवढे पैसे मोजून हे काय घेतलं" असं होतं. डेट्रॉइट, क्लीव्हलंड किंवा ह्यूस्टनकडच्या ज्या मराठी मंडळींनी अलीकडे सेकंडहँड बास बोट घेतली आहे, त्यांना हा धक्का पहिल्याच वाऱ्याच्या दिवशी बसतो.

कारण बोटीच्या बुडाशी आहे. बुडाचा पुढचा भाग धारदार व्ही असतो, मागे येता येता तो पसरट होतो, आणि मधोमध वीतभर रुंदीची सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळपास या पॅडवरच धावते. सपाट पाण्यावर याने वेग मिळतो. लाटेवर हाच पॅड आपटतो. पुढची धार पाण्यात ठेवली तर तीच बोट दोन फुटी लाटा बऱ्यापैकी कापत जाते. तीन फुटांना सराव आणि सबुरी लागते. चार फुटांच्या पुढे बोट रॅम्पवरून उतरवूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

अंदाजातला आकडा चुकीचा वाचणं

नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचं सरकारी हवामान खातं, जी लाटांची उंची देते ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. "२ ते ३ फूट" असं लिहिलेलं असताना अधूनमधून एखादी लाट जवळपास दुप्पट येणार, हे त्या आकड्यातच धरलेलं आहे. ग्रेट लेक्सवर स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायझरी (लहान बोटींसाठीचा इशारा) लागते ती २२ ते ३३ नॉट वारा किंवा ४ फुटांवरच्या लाटा असतील तेव्हा. तिथला "स्मॉल क्राफ्ट" म्हणजे तुमच्याहून बराच उंच काठ असलेली बोटही आली. त्यामुळे अ‍ॅडव्हायझरी नाही म्हणजे बास बोटीला मोकळं रान, असा अर्थ काढू नका.

उंचीपेक्षा दोन लाटांमधलं अंतर जास्त छळतं. लेक ईरीच्या पश्चिम भागाची सरासरी खोली सुमारे २४ फूट, लेक सेंट क्लेअरची तर ११ फुटांच्या आसपास. अशा उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. एकीवरून नाक खाली येतं न येतं तोच दुसरी समोर उभी. ईरी नैऋत्य-ईशान्य असा आडवा पसरला आहे, लांबी जवळपास २४० मैल. ईशान्येचा वारा लागला की ओहायोतल्या सँडस्की आणि पोर्ट क्लिंटनच्या बाजूला त्या सगळ्या लांबीची लाट येऊन पोचते. तेच १५ नॉट दक्षिणेकडून असतील तर ओहायोच्या किनाऱ्यालगत पाणी शांत असू शकतं.

सकाळी वारा पाठीशी घेऊन निघणं ही यातली सर्वांत फसवी चूक. जाताना बोट गुळगुळीत जाते, दुपारी वारा वाढतो आणि परतीचा सगळा रस्ता तोंडावर लाटा घेत कापावा लागतो. ६० च्या वेगाने १५ मिनिटांत गेलेले १५ मैल २० च्या वेगाने परतायला पाऊण तास लागतो, आणि पेट्रोलही मैलामागे जास्त जातं. टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक, हा जुना हिशेब इथे पाळाच. शक्य तिथे सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जा. सरळ रेषेत मोकळं पाणी ओलांडण्यापेक्षा किनाऱ्याच्या आडोशाने सहा-आठ मैल जास्त पडले तरी बहुतेक वेळा तोच रस्ता लवकर संपतो. टेक्सासच्या सॅम रेबर्न तलावावर हे करताना एक पथ्य पाळा: आखलेली बोट-लेन सोडू नका. पाण्यात बुडालेले झाडांचे बुंधे लाटांत दिसत नाहीत.

अर्धवट वेग

पाणी उसळलं की माणूस घाबरून थ्रॉटल निम्मं सोडतो. बोट ताशी ८ ते १५ मैलांवर येते आणि हा तिचा सर्वांत वाईट वेग. नाक आकाशाकडे, पिछाडी पाण्यात बसलेली, समोरचं काही दिसत नाही, आणि मागचा काठ लाटेच्या बरोबरीला. दोनच वेग कामाचे: एकतर आयडलच्या जरा वर, पाच-सहा मैल, किंवा बोट पाण्यावर चढलेली, म्हणजे प्लेनवर, पण शक्य तितकी हळू.

हा "शक्य तितका हळू" आकडा आपल्या बोटीचा काढून ठेवायचा असतो. शांत दिवशी, टाकी भरलेली आणि दोन माणसं बसलेली असताना, इंजिनाचं ट्रिम (इंजिन किती कलतं ठेवायचं तो कोन) पूर्ण खाली घेऊन प्लेनवर या. मग १०० ते २०० आरपीएमने कमी करत जा. पिछाडी बसायला लागली की जीपीएसवरचा वेग वाचा. बऱ्याच बोटींचा तो २० ते २५ च्या दरम्यान येतो. ३० च्या जवळ येत असेल तर आधी सामान बघा. मागच्या कप्प्यांत शिशाची वजनं आणि जादा नांगर भरून ठेवलेले असतात. तरी फरक नाही पडला तर प्रॉप, म्हणजे इंजिनाचा पंखा, बदलायचा विचार करा. नाक उचलणाऱ्या तीन पात्यांच्या प्रॉपपेक्षा चार पात्यांचा प्रॉप पिछाडी उचलतो आणि कमी वेगातही बोट प्लेनवर धरतो. तीनवरून चारवर जाताना पिच (एका फेऱ्यात प्रॉप किती पुढे जाईल ते अंतर) साधारण १ ते २ इंच कमी लागतो. एक इंच पिचला १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. वरचा एखाद-दोन मैल वेग जाईल, जाऊ दे.

ट्रिम: समोरच्या लाटा, पाठच्या लाटा

समोरून लाटा असतील तर ट्रिम खाली, म्हणजे धार पाण्यात. पण अगदी तळाला ठेवून बसलात तर नाक खुपतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि बोट लाटेबरोबर वळू बघते. प्लेनवर आल्यावर बटणाला एकेक टिचकी देत थोडं वर या आणि तुषार कुठून उडतात ते बघा. ते तुमच्या बाकाच्या मागून उडत असतील तर नाक फार वर आहे, पॅड आपटणार. काचेच्याही पुढून उडत असतील तर फार खाली. दोन्हीच्या मध्ये, साधारण कन्सोलच्या रेषेत आले की ठीक. लाट नेमकी तोंडावर न घेता ३० ते ४५ अंश तिरकी घेतली तर धक्का निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. मग नागमोडी जावं लागलं तरी हरकत नाही. मोठ्या केबिन क्रूझरने उठवलेल्या लाटांनाही हाच नियम. आणि वेग लाटेच्या आधी कमी करायचा, लाटेवर नाही.

पाठून येणाऱ्या लाटांत सगळं उलटं होतं, आणि बास बोटी खऱ्या अडचणीत येतात त्या इथेच. बोट लाटेपेक्षा वेगवान असते. ती पुढच्या लाटेच्या पाठीवर चढते, माथ्यावरून सुटते, नाक खाली झुकतं आणि समोरच्या लाटेच्या पोटात घुसतं. पुढचा डेक सपाट आणि बुटका, त्यामुळे पाणी थेट माणसांवर. इथे ट्रिम वर पाहिजे, नाक हलकं पाहिजे, आणि पुढच्या कप्प्यातली जड पेटी मागे हलवलेली पाहिजे. थ्रॉटल एका जागी धरून चालत नाही: लाटेच्या पाठीवर चढताना थोडा दाब, माथ्याजवळ थोडी ढील, माथा ओलांडायची घाई नाही. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने जात राहिलात तर वेळ लागतो, पण बोट कोरडी राहते.

नाक घुसलंच तर थ्रॉटलवरचा पाय झटकन काढू नका. थांबलेली, नाकात पाणी भरलेली बोट पुढच्या लाटेला आयती सापडते. इंजिन चालू असेल तर सरळ रेषेत, बेताच्या जोरावर नाक उचलून धरा, पाणी मागे वाहू द्या आणि दोन्ही बिल्ज पंप (बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसणारे) लावा. तसंच वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडलं की बोटीनेच मागे उठवलेली लाट ट्रान्समवरून, म्हणजे इंजिन बसवलेल्या मागच्या भिंतीवरून, आत येते. आधी वेग उतरवा, मग थांबा.

जॅक प्लेट (इंजिन वर-खाली सरकवणारी प्लेट) बऱ्याच जणांची आदल्या दिवशीच्या वेगवान धावेवर सेट करून राहिलेली असते. लाटांत ती एक-दोन इंच खाली घ्या. आरपीएम एकदम उसळतो पण वेग वाढत नाही, याचा अर्थ प्रॉप हवा खातोय. वॉटर प्रेशरचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा खाली येत असेल तर थंड करणाऱ्या पाण्याबरोबर हवा ओढली जातेय. तसंच रेटलं तर इंजिन तापेल. वेगात बोट डावी-उजवी डोलायला लागली तर ट्रिम टिचकी-टिचकीने खाली घ्या, स्टिअरिंगशी झटापट करू नका. घरी आल्यावर हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा आहे का ते तपासा. ऑइल कमी असणं किंवा लाइनमध्ये हवा असणं हे नेहमीचं कारण.

बिल्ज पंप चालतो म्हणजे पुरतो, असं नाही

एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. बोटीत ५० गॅलन शिरलं तर ४१७ पौंड, म्हणजे दोन धडधाकट माणसं आगाऊ बसली, आणि तीही एका जागी न बसता इकडून तिकडे सरकणारी. पंपावर १,१०० गॅलन प्रति तास लिहिलेलं असतं, ते पाणी वर न चढवता मोजलेलं. वळ्यावळ्यांचा पाइप, दोन फुटांची चढण आणि उतरलेली बॅटरी धरली की हातात बरंच कमी पडतं.

मोजून बघा. बोट ट्रेलरवर, ड्रेन प्लग लावलेला, बिल्जमध्ये पाच गॅलनच्या दोन बादल्या ओता आणि घड्याळ लावा. कागदोपत्री ३३ सेकंद व्हायला हवेत. मिनिटाच्या पुढे गेलं तर जाळीत अडकलेली दोऱ्याची गुंतवळ, पाइपची मोड आणि पंपाजवळचा व्होल्टेज, या क्रमाने शोधा. पाइपचा क्लॅम्प निसटलेला असेल तर पंप घरघर करत राहतो आणि पाणी बिल्जमधून बिल्जमध्येच फिरतं. बाहेरच्या तोंडातून धार पडताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पंप चालतोय असं समजू नका. ऑटोमॅटिक फ्लोट स्विच मास्टर स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज देऊन जोडलेला असावा.

आणखी एक बाब खरेदी करताना कुणी सांगत नाही. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी, हा अमेरिकेचा फेडरल नियम २० फुटांखालच्या बोटींनाच लागू आहे. २० आणि २१ फुटांच्या बास बोटीत फोम किती भरायचा, हे कंपनीच्या मर्जीवर.

बॅटऱ्या, नट आणि नाकावरचं सामान

रफ पाण्यात बंद पडलेल्या बोटीत पहिली तपासणी बॅटरीच्या टर्मिनलची करा. विंग नट आपटून आपटून सैल होतो, इंजिनाचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि सगळे स्क्रीन काळे होतात. जाड केबलवर विंग नट नकोतच. स्टीलचे नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट लावा आणि पान्याने आवळा. बॅटऱ्या पट्ट्याने हलवून बघा, सुतभरही सरकता कामा नयेत.

नाकावरच्या ट्रोलिंग मोटरला (हळू सरकण्यासाठीची छोटी विजेची मोटर) पट्टा आणि आधाराचा ब्रॅकेट दोन्ही हवेत. वेगात ती सुटून पाण्यात पडली तर बोट जागच्या जागी गर्रकन वळते. पुढचे १२-१६ इंची स्क्रीन निघण्यापूर्वी आडवे करा किंवा काढून ठेवा.

जुन्या बोटीत आणखी एक प्रकार हमखास होतो. टाकीच्या तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ लाटांनी ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन वर जोर धरत नाही. आयडलला ठीक, प्लेनवर येताना दम तुटतो, प्रायमरचा फुगा चपटा पडतो: फिल्टर किंवा टाकीचा व्हेंट. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि तो बदलायचा पाना बोटीतच ठेवा.

इंजिन बंद पडलंच तर बोट आपोआप पिछाडी किंवा कूस वाऱ्याला देते. ट्रोलिंग मोटरने नाक वाऱ्याकडे धरा. ती लाटांत पाण्याबाहेर येत असेल तर पुढच्या खालच्या कडीला ड्रिफ्ट सॉक (बोटीचं वाहणं मंदावणारी पाण्यातली कापडी पिशवी) किंवा नांगर बांधा. मागच्या क्लीटला नांगर कधीच बांधायचा नाही, मागून पाणी आत येतं. लाइफ जॅकेट आधीच अंगात हवं. किल स्विचची (चालक जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणारा स्विच) दोरी लावणं २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून फेडरल सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात सक्तीचं आहे. पुढच्या उंच खुर्चीवर कुणालाही बसवून धावू नका.

परत आल्यावर जॅक प्लेटचे आणि इंजिनाचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. मग ट्रान्समच्या वरच्या कोपऱ्यांत बारीक भेगा बघा, आणि इंजिनाच्या खालच्या टोकाला वजन देऊन ट्रान्सम वाकतो का तेही बघा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढच्या खेपेनंतर भेग खुणेच्या बाहेर गेली असेल तर प्रकरण जेलकोटपुरतं, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरापुरतं, राहिलेलं नाही. बोट फायबरग्लासचं काम करणाऱ्याकडे न्या.