लिम्फोमा शांत असताना सीबीसीची वही कशी ठेवावी

बाबांचा फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, सावकाश वाढणारा. केमोनंतर तो वर्षानुवर्षं गप्प होता. अशा वेळी घरातले सगळे गाठी चाचपत राहतात आणि रक्ताकडे कुणाचं लक्ष नसतं. सायक्लोफॉस्फामाइड, बेंडामस्टिन यांसारखी औषधं बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींनाही इजा करतात. त्यातून थोड्याच रुग्णांना, पण बहुधा ५ ते १० वर्षांनी, एमडीएस होतो, म्हणजे बोन मॅरोत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. बाबांना झाला.

म्हणून सांगते, सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीची, वही कराच. रिपोर्ट फाइलला लावून काही कळत नाही, आकडे एकाच पानावर एकाखाली एक यायला हवेत. रकाने असे: तारीख, हिमोग्लोबिन, एमसीव्ही, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला जंतूंशी लढणारा प्रकार), प्लेटलेट, एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, याची चाचणी वेगळी). लॅब शक्यतो बदलू नका.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ८० ते १००. मी सगळ्यात आधी तोच रकाना बघते. बाबांचा ९० होता, मग ९४, मग ९८. त्याच ओळींत प्लेटलेट २ लाख ४० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर आल्या. सुटा घेतला तर प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल, एकावरही ठळक खूण नाही. उतार दिसला तो वहीतच.

न्यूट्रोफिलची नुसती टक्केवारी लिहू नका. पांढऱ्या पेशी ३००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर लिहायचं १२००. हा आकडा ५०० च्या खाली असताना ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आकडे एकाच दिशेने सरकताना दिसले की वही डॉक्टरांपुढे ठेवा. बी१२, फोलेट, थायरॉइड, यकृत, चालू गोळ्या ही कारणं आधी तपासली जातात, आणि तेच योग्य. त्यातून उलगडा झाला नाही, तर बोन मॅरोची तपासणी आणि सायटोजेनेटिक्स, म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी, याबद्दल स्पष्ट विचारा. केमोनंतरच्या एमडीएसमध्ये ५ आणि ७ क्रमांकाच्या गुणसूत्रांत बिघाड बऱ्याचदा सापडतो.

एलडीएच चढतोय, एकच गाठ झपाट्याने वाढतेय, रात्री घामाने कपडे भिजतात, वजन उतरतंय, तर शंका वेगळी: लिम्फोमाच आक्रमक झाला असेल. तिथे पेट (PET) स्कॅन आणि गाठीची बायप्सी लागते.

वहीच्या पहिल्या पानावर आधीच्या प्रत्येक औषधाचं नाव, सायकल किती झाल्या आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. नवीन डॉक्टर हे हमखास विचारतात.