लाल खारीला खाऊ घालताय? या चुका टाळा

ब्रिटनच्या उत्तरेकडे राहायला आलेल्या मराठी माणसाला परसात लाल खार दिसली, की हात आपसूक शेंगदाण्यांच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. पण अख्ख्या ब्रिटनमध्ये या खारी आता तीन लाखांहूनही कमी उरल्यात, त्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी १८७६ मध्ये चेशायरमध्ये सोडल्या गेल्या. त्या आज पंचवीस लाखांच्या पुढे आहेत.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे खाऊची पेटी न धुणे. पहिल्या हिवाळ्यात मी पेटी नुसती भरत राहिलो. फेब्रुवारीत आत पाहिलं, तर तळाशी ओल्या टरफलांचा काळा थर आणि झाकणाच्या कडेला चिकट, कळकट पट्टा. येणारी प्रत्येक खार तिथेच नाक लावून झाकण उचलते. करड्या खारी स्क्विरलपॉक्स या आजाराचा विषाणू अंगावर वागवतात आणि तो अशा पेटीवरून पसरू शकतो. करड्यांना सहसा काही होत नाही. लाल खारीच्या मात्र पापण्या, ओठ आणि बोटं फोडांनी भरतात, खाणं बंद होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ती मरते. इंग्लंडमधल्या फॉर्मबीच्या पाइनच्या जंगलात २००८ च्या साथीत ऐंशी टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या. म्हणून एका दिवसात संपेल एवढंच खाणं ठेवा. आठवड्यातून एकदा तरी पेटी घासून जंतुनाशकाने धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. दोन पेट्या आलटून पालटून वापरल्या, तर हे सहज जमतं.

नुसते शेंगदाणेही नकोत, त्यांत कॅल्शियम फार कमी असतं. टरफलासकट हेझलनट आणि गाजराचे काप द्या. खारे दाणे कधीच नकोत.

रंगावरून खार ओळखायला जाऊ नका. उन्हाळ्यात करड्या खारीच्या कुशीवर तांबूस छटा येते, तर लाल खार थंडीत पुष्कळदा काळपट दिसते. शेपटी पाहा: करडीच्या शेपटीला पांढरी किनार असते. लाल खार चणीने लहान, जेमतेम तीनशे ग्रॅमची. तिच्या कानांवरचे झुपके थंडीत उठून दिसतात, उन्हाळ्यात जवळजवळ नसतातच.

करडी खार पिंजऱ्यात सापडली, तर दया येऊन तिला लांबच्या रानात सोडू नका. तो गुन्हा आहे, शिवाय आजार तिथे पोचतो. करड्या कच्ची एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, पचवतात, लाल खारींना ती नीट पचत नाहीत, म्हणजे खाण्याच्या शर्यतीतही त्या मागे पडतात. वेल्सच्या अँगलसी बेटावर १९९८ मध्ये लाल खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. करड्या हटवायला लोकांना वर्षानुवर्षं खपावं लागलं, तेव्हा आज तिथे लाल खारी शेकड्यांनी आहेत. करडी दिसली, की त्याच दिवशी जवळच्या लाल खार संरक्षण गटाला कळवा.

आणि डोळे चिकटलेली, सुस्त लाल खार दिसली तर “बरी होईल” म्हणून वाट पाहू नका. उघड्या हातांनी तिला उचलू नका. फोटो काढून गटाला फोन करा. त्याच तासाला पेटी रिकामी करून खाली उतरवा, आणि गट सांगेपर्यंत पुन्हा टांगू नका.