काट्याचं दुसरं वजन सेव्ह होत नाही? ॲक्सेस आणि मायएसक्यूएलवाल्यांनी हे पाहा

आपल्या विदर्भात जिनिंग, दालमिल, कृषी केंद्र, कुठंबी जा, समोर ॲक्सेसचा (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) जुना फॉर्म आणि मागं ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल (खरा डेटा जिथं साठते तो डेटाबेस सर्व्हर), अशी जोडणी अजून दिसते. चालते तोवर मस्त चालते. मी अशा एका जिनिंगचं काम पाहतो आणि दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली का माझा फोन वाजतेच. मागच्या सीझनला काट्यावरच्या पोराचा फोन, "भाऊ, थो काटा सेव्हच नाई करून राह्यला, कास्तकार तासभरापासून उभे हाय."

काट्याचं काम दोन टप्प्यांत असते. भरलेली ट्रॉली आली का पहिलं वजन, म्हणजे नवीन रेकॉर्ड. माल खाली करून रिकामी ट्रॉली परत आली का दुसरं वजन, ते त्याच रेकॉर्डमधे अपडेट. पहिलं बरोबर जात होतं, दुसऱ्याला मेसेज यायचा का हा रेकॉर्ड तुमच्या मधात दुसऱ्या युजरने बदलला, आणि सेव्हचं बटण फिक्कं. पोरगा म्हणे ऑफिसातला मुनीम हात लावून राह्यला, मुनीम म्हणे मी तर चहा पिऊन राह्यलो. दोघंबी खरं बोलत होते.

भानगड अशी आहे का ॲक्सेस रेकॉर्ड उघडतानाच्या जुन्या किमती (म्हणजे प्रत्येक रकान्यात जे भरलं आहे ते) लक्षात ठेवते, आणि सेव्ह करताना डेटाबेसला म्हणते का ज्या ओळीत आयडी हा आणि बाकीच्या किमतीबी ह्याच आहेत ती ओळ बदल. अशी ओळ सापडलीच नाही तर शून्य ओळी बदलल्या असं उत्तर येते, आणि ॲक्सेस त्याचा एकच अर्थ काढते, कोणीतरी मधात हात मारला.

म्हणून पहिले बॅकअप घ्या (हे मी चूक करून शिकलो), मग तोच रेकॉर्ड वर्कबेंचमधून (मायएसक्यूएलचंच टूल, ॲक्सेस मधात नाही) आयडी देऊन सरळ अपडेट करून पाहा. तिथं झाला तर सर्व्हर, परवानगी, लॉक सगळं ठीक, दुखणं जोडणीत आहे. तिथंबी अडकून बसला तर कोणाचं तरी ट्रान्झॅक्शन (सुरू केलेला बदल) कमिट, म्हणजे पक्कं, न होता उघडं पडलं असते, ते शोधा.

आता टेबल पाहा. प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम, जसा आयडी) नसेल तर ॲक्सेस लिंक केलेलं टेबल नुसतं वाचू देते, बदलू देत नाही, तिथं मेसेजची वाट पाहूच नका, की टाका. की असूनबी नाही होत तर फ्लोट (दशांश आकडा अंदाजे साठवणारा कॉलमचा प्रकार) शोधा. आमच्याकडे ओलाव्याचा कॉलम फ्लोट होता. कापसाचा ओलावा ९.३ टक्के टाकला का स्क्रीनवर ९.३ च दिसते, पण आत साठवलेला आकडा ९.३०००००१९ च्या आसपास राहते, कारण ९.३ बायनरीत नेमका बसतच नाही. मग ॲक्सेस ९.३ वाली ओळ मागते आणि ती मिळत नाही. गंमत म्हणजे ओलावा ८.५ असला का सेव्ह होते, कारण ८.५ नेमका बसते, आणि म्हणूनच पोरगा म्हणत होता का कधी होते कधी नाही होत. तो कॉलम डेसिमल ४,२ (एकूण चार अंक, त्यातले दोन दशांशाचे, नेमके साठवणारा प्रकार) केला, पण रात्री, काटा बंद झाल्यावर, चालू काट्यात टेबल बदलू नका.

मग टेबलात एक टाइमस्टॅम्पचा (तारीख-वेळेचा) कॉलम टाका जो दर अपडेटला आपोआप बदलते, हे मायएसक्यूएलच्या मॅन्युअलातच सांगितलं आहे. आणि ओडीबीसीच्या (ॲक्सेसला मायएसक्यूएलशी जोडणारा ड्रायव्हर) सेटिंगमधे बदललेल्या ओळींऐवजी जुळलेल्या ओळी मोजायचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. काहून, तर तीच किंमत परत टाकली तर मायएसक्यूएल शून्य ओळी बदलल्या म्हणते आणि ॲक्सेस परत घाबरते. मागं मायएसक्यूएलऐवजी मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर हो-नाहीवाल्या बिट कॉलममधे नल (काहीच न भरलेली जागा) पाहा, जुने नल शून्य करा, डिफॉल्ट शून्य ठेवा आणि रोव्हर्जनचा (ओळ बदलली का आपोआप बदलणारा) कॉलम जोडा.

टेबलात काहीबी बदललं का लिंक्ड टेबल मॅनेजरमधून लिंक ताजी करा, नाहीतर ॲक्सेस जुनाच नकाशा धरून बसते आणि आपण उगाच सर्व्हरला शिव्या देतो.

एवढं करूनबी आमच्या इथं दहातला एक रेकॉर्ड अडायचाच. शेवटी सापडलं, चूक माझीच होती. मी फॉर्मवर वजन घ्यायचं बटण दिलं होतं, ते अपडेट क्वेरीने वजन थेट टेबलात टाकायचं. पोराने आधी गाडी नंबर दुरुस्त करून सेव्ह न करता बटण दाबलं का फॉर्मकडे जुना रेकॉर्ड आणि टेबलात नवीन, म्हणजे दुसरा युजर आपणच. बटणाच्या कोडमधे सगळ्यात वर फॉर्मची डर्टी प्रॉपर्टी (सेव्ह न झालेला बदल आहे का हे सांगणारी) फॉल्स करा म्हणजे फॉर्म आधी सेव्ह होते, आणि क्वेरी झाल्यावर फॉर्म रिफ्रेश करा.