परदेशातल्या ख्रिस्ती महिला मेळाव्यात संदेश द्यायला जाताना

बोलावणं आलं आणि पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीरही केलं, म्हणून लगेच तिकीट काढू नका. आधी आमंत्रणपत्र नीट करून घ्या. व्हिसा, इमिग्रेशनची चौकशी, पैशांचा हिशोब, सगळं त्या एका कागदावर उभं असतं.

पत्र आयोजक संस्थेच्या लेटरहेडवर हवं. मेळाव्याच्या तारखा, जागेचा पत्ता, तुम्ही किती वेळा बोलणार आणि विमानभाडं, राहणं-जेवण कोण करणार, हे त्यात स्पष्ट असावं. मानधन असेल तर आकडा घाला, नसेल तर तसं लिहून घ्या. 'प्रेमभेट देऊ' असली मोघम भाषा नको. व्हिसा अधिकाऱ्याला त्यात नोकरीचा वास येतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. पासपोर्टवर माहेरचं आणि पत्रावर सासरचं, हा घोळ फार होतो.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे. ब्रिटनमध्ये थोड्या दिवसांसाठी वचन सांगायला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण तुमची सेवा मुळात इथलीच आहे हे दिसायला हवं. म्हणून ठाण्यातल्या आपल्या मंडळीचंही (चर्चचंही) पत्र जोडा. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर जिथे फिरता येतं) किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट ३ महिने तरी वैध असावा लागतो. सिंगापूरला मात्र पर्यटक म्हणून जाऊन धर्माविषयी भाषण करता येत नाही. तिथे मिसलेनियस वर्क पास, म्हणजे थोड्या दिवसांच्या कामाचा परवाना, लागतो आणि त्याचा अर्ज तिथल्या संस्थेनेच करायचा असतो.

सरकारी नोकरीत किंवा सरकारी मालकीच्या कंपनीत असाल आणि खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. ऑफिसची रजा मंजूर झाली म्हणजे हे काम झालं असं नाही.

आणखी एक जपा. संदेश आवडला की तिथल्या बहिणी 'तुमच्या मंडळीला द्या' म्हणत पाकीट हातात ठेवतात. नम्रपणे नाही म्हणा. संस्थेसाठीची परदेशी देणगी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच.

आता बोलण्याचं. दुभाषी असेल तर ३० मिनिटांत तुमच्या वाट्याला जेमतेम १५ येतात, म्हणून मजकूर निम्माच तयार करा. बायबलमधल्या वचनांचे अध्याय-ओवी क्रमांक दुभाष्याला आठवडाभर आधी पाठवा. तो आपल्या भाषेतल्या पवित्र शास्त्रातून वाचेल, तुमच्या ओवीचं जागच्या जागी भाषांतर करत बसणार नाही. अर्ध्या वाक्यावर थांबू नका, पूर्ण विचार सांगून थांबा. पंडिता रमाबाईंचा दाखला द्यायचा असेल तर केडगाव कुठे आहे, मुक्ती मिशन काय आहे, हे आधी दोन वाक्यांत सांगा. आपल्या महिला मंडळातल्या कुणाच्या घरातली मारहाण किंवा व्यसन साक्ष म्हणून सांगायचं तर तिला विचारूनच. मेळावा यूट्यूबवर लाइव्ह असतो आणि तो कळव्यात तिच्या सासरीही दिसतो.

निघताना तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम आहे की एनएमआय, हे पाहा; पहिलं सहार, दुसरं नवी मुंबई. घोडबंदर रोडवरून सहारला निघत असाल तर विमानतळावरच्या ३ तासांशिवाय रस्त्याचे २ तास वेगळे धरा. आमंत्रणपत्राची छापील प्रत हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नको. त्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. ब्रिटनला पेढे-बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिथे काढून घेतात. चकली चालते.